आधी मोजा, मग बोला

(अहिल्यानगर येथे दिलेल्या स्मृती-व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज एकत्र आलो आहोत त्या सरांनी मला श्रीरामपूरला तीन वर्षं जीवशास्त्र शिकवलं. एकदा ते अकोले तालुक्यातून पिशवीभर वाल घेऊन आले आणि वर्गातल्या टेबलावर त्यांनी ते ओतले. पांढरे, तपकिरी, काळपट, ठिपक्यांचे. म्हणाले, "यात कोणता वाल जास्त आहे?" आम्ही सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "पांढरा." सर म्हणाले, "आधी मोजा, मग बोला." मोजले तर तपकिरी जास्त निघाले. पांढरे डोळ्यांत भरत होते, म्हणून जास्त वाटत होते, एवढंच.

गेली बरीच वर्षं मी संगणकाच्या साहाय्याने माणसांच्या प्रतिकारशक्तीच्या जनुकांची मोजणी करते. काम अवघड आहे, नावं परकी आहेत, पण त्याचा गाभा त्या टेबलावरच्या वालांत होता. माणसामाणसांत ही जनुकं वेगवेगळी का असतात, ती मोजायची साधनं कशी चालतात आणि त्या मोजणीत आपल्या जिल्ह्याची माणसं कुठे आहेत, या तीन गोष्टी आज मला तुमच्यापुढे मांडायच्या आहेत.

मुंबईतला एक रक्तगट

सुरुवात आपल्याच राज्यातल्या एका घटनेने करते. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटी टिपणी प्रसिद्ध केली. मुंबईत काही माणसं अशी सापडली होती, की त्यांच्या रक्ताशी कुणाचंच रक्त जुळेना. 'ओ' गटाचं रक्त सगळ्यांना चालतं असा समज होता. या माणसांना तेही चालत नव्हतं. 'ए', 'बी', 'ओ' या तिन्ही गटांच्या तळाशी असणारा 'एच' नावाचा घटकच त्यांच्या रक्तपेशींवर नव्हता. आज जग त्याला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतं. युरोपात तो दहा लाखांत एखाद्याचा असतो, आपल्याकडे साधारण दहा हजारांत एखाद्याचा.

हा गट १९५२ साली जन्मला नव्हता. तो आपल्या माणसांत शेकडो वर्षं होता. मुंबईत कुणीतरी इथल्या माणसांचं रक्त बारकाईने तपासलं, तेव्हा तो शास्त्राला दिसला. शास्त्रज्ञ फक्त लंडनची माणसं तपासत बसले असते तर बहुधा तो आणखी कित्येक वर्षं पुस्तकात आला नसता, आणि दरम्यान चुकीचं रक्त चढून माणसं दगावली असती. पुढे १९५७ साली मुंबईत रक्तगटांच्या अभ्यासासाठी केंद्र उभं राहिलं. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची रक्तविज्ञान संस्था ती हीच.

वेशीवरचा जागल्या

नेहमीचे रक्तगट चार-दोनच असतात. आता ज्या जनुकांबद्दल बोलायचं आहे त्यांच्या आवृत्त्या हजारोंनी मोजाव्या लागतात. त्यांना 'एचएलए' म्हणतात. आपल्या सहाव्या गुणसूत्रावर सुमारे चाळीस लाख अक्षरांच्या पट्ट्यात ती बसलेली आहेत. १९५८ साली पॅरिसमध्ये जाँ दोसे यांनी यातली पहिली खूण ओळखली, आणि १९८० साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

ही जनुकं करतात काय? जुन्या गावगाड्यात वेशीवर जागल्या असायचा. गावात कोण आलं, कोण गेलं, यावर त्याची नजर. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर असाच जागल्या उभा असतो. पेशीच्या आत जी प्रथिनं आहेत त्यांचे बारीक तुकडे तो हातात धरून बाहेर दाखवतो. गस्तीवरच्या पांढऱ्या पेशी येतात आणि तो तुकडा पाहतात. आपल्याच घरचा असला तर पुढे जातात. विषाणूचा असला तर ती पेशी संपवतात. हा जागल्या म्हणजे एचएलए प्रथिन.

प्रत्येक जागल्याची मूठ वेगळी असते. एकाच्या मुठीत एका विषाणूचा तुकडा नीट बसतो, दुसऱ्याच्या मुठीतून तोच निसटतो. म्हणून एकाच साथीत एक माणूस तरतो आणि त्याच्या शेजारचा आडवा पडतो. सगळ्या गावाच्या मुठी सारख्या असत्या तर एखाद्या रोगाने सगळं गाव एका फटक्यात नेलं असतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली. एकाच संकरित वाणावर सगळं रान सोपवू नका, असं त्या शेतकऱ्यांना सांगत आल्या. निसर्गाने माणसाच्या प्रतिकारशक्तीत तेच केलं आहे. त्याने अनेक वाण राखून ठेवले आहेत.

किती वाण? या जनुकांच्या सगळ्या ज्ञात आवृत्त्यांची जागतिक नोंदवही १९९८ पासून संगणकावर सर्वांना खुली आहे. आज त्या नोंदवहीत चाळीस हजारांहून अधिक आवृत्त्या आहेत. प्रत्येकीला स्वतंत्र क्रमांक आहे, 'एचएलए-ए*३३:०३' असा. बियाण्याच्या पाकिटावर जसा वाण आणि लॉट क्रमांक असतो तसाच.

पाथर्डीच्या माऊलीचा प्रश्न

हे सगळं पुस्तकी वाटू नये म्हणून एक प्रसंग सांगते. पाथर्डी तालुक्यातलं एक कुटुंब. आई-वडील दर हंगामाला ऊसतोडीला जाणारे. त्यांच्या मुलीला थॅलेसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. आपल्या देशात दरवर्षी अशी दहा हजारांच्या आसपास बाळं जन्माला येतात. दुसऱ्याची अस्थिमज्जा, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, मिळाल्या तर हा आजार बरा होऊ शकतो. पण त्यासाठी देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची एचएलए जनुकं जुळावी लागतात.

त्या माऊलीने माझ्यापुढे तीन अहवाल ठेवले. एक मुलीचा, एक तिच्या भावाचा, एक धाकट्या बहिणीचा. प्रत्येकावर पाच जनुकं आणि प्रत्येक जनुकाचे दोन आकडे, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. म्हणजे दहा आकडे. मी तिन्ही कागद शेजारी ठेवून एकेका आकड्यावर बोट ठेवत गेले. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, अर्धं जुळण्याची चारात दोन, अजिबात न जुळण्याची चारात एक. भावाचे पाच आकडे जुळले. बहिणीचा एकही जुळला नाही.

मग परक्या दात्यांच्या नोंदवह्यांत शोध झाला. जगभरातल्या अशा नोंदवह्यांत मिळून चार कोटींहून अधिक दाते आहेत. या मुलीला पूर्ण जुळणारा एकही सापडला नाही. ती माऊली मला म्हणाली, "ताई, एवढ्या कोटी माणसांत आमच्यासारखी माणसं नाहीत का?"

तिला माहीत नव्हतं, पण तिने अगदी नेमका शास्त्रीय प्रश्न विचारला होता. २०१४ साली अमेरिकेतल्या दाता-नोंदवहीचा मोठा हिशेब प्रसिद्ध झाला. युरोपीय वंशाच्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता तिथे ७५ टक्के होती. दक्षिण किंवा मध्य अमेरिकी मूळ असलेल्या कृष्णवर्णीयांसाठी ती १६ टक्के होती. आजार तोच, उपचार तोच. फरक पडला त्याचं एक मोठं कारण, कुणाची नोंद झाली आणि कुणाची राहिली. आता अर्ध्या जुळणीवरही प्रत्यारोपण होऊ लागलं आहे, आणि त्या भावाच्या रूपाने या मुलीला एक वाट उरली आहे. पण तेवढ्याने तिच्या आईच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

दुसरं उदाहरण औषधाचं. फेफऱ्यावर कार्बामाझेपिन नावाची गोळी वर्षानुवर्षं दिली जाते, स्वस्त आहे, गुणकारी आहे. पण थोड्या रुग्णांना तिची भयंकर प्रतिक्रिया येते. अंगावर फोड येतात, भाजल्यासारखी कातडी सुटते, जिवावर बेततं. २००४ साली तैवानमधल्या संशोधकांनी दाखवलं, की तिथल्या अशा रुग्णांत 'एचएलए-बी*१५:०२' ही आवृत्ती हटकून आढळते. २००७ साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने इशारा दिला आणि त्यात भारतीयांचाही उल्लेख केला. २००९ साली भारतातल्याच एका अभ्यासात असे आठ रुग्ण तपासले, तर त्यांतल्या सहांमध्ये ती आवृत्ती होती. आठ हा लहान आकडा आहे, पण दुर्लक्ष करण्यासारखा नाही. आता नगरच्या डॉक्टरांपुढे प्रश्न येतो: गोळी देण्याआधी प्रत्येकाची तपासणी करायची का? ही आवृत्ती आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्या समाजांत किती आहे, हे कळल्याशिवाय त्याचं नीट उत्तर देता येत नाही.

फाईल उघडली की काय दिसतं

आता साधनांकडे वळते. माझ्या संगणकावर मी रोज जी फाईल उघडते ती किराणा दुकानातल्या वहीपेक्षा फार वेगळी नाही. एका ओळीत एक माणूस. पहिल्या रकान्यात समूहाचं नाव, दुसऱ्यात माणसाचा सांकेतिक क्रमांक, पुढे प्रत्येक जनुकाचे दोन-दोन रकाने. जिथे तपासणी झाली नाही तिथे चार तारे.

ही फाईल ज्या संगणक प्रणालींना देतात त्यांतली एक 'पायपॉप'. अमेरिकेत बर्कली इथल्या विद्यापीठात ग्लेनिस थॉमसन यांच्या गटात ॲलेक्स लँकेस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली आणि २००३ साली जगापुढे ठेवली. जगभरातल्या समूहांच्या एचएलए नोंदी एकाच पद्धतीने, एकाच शिस्तीत तपासता याव्यात, हा तिचा हेतू. ती फुकट आहे, तिचा आतला मजकूर कुणालाही वाचता येतो, सुधारता येतो. 'आर्लेकिन' ही अशाच कामाची दुसरी प्रणाली, स्वित्झर्लंडच्या लोराँ एक्सकोफिए यांची. लिव्हरपूलला २००३ पासून एक खुला साठा आहे, तिथे दीड हजारांहून अधिक लोकसमूहांतल्या आवृत्त्यांचं प्रमाण कुणालाही पाहता येतं.

प्रणाली पहिल्यांदा करते ती निव्वळ मोजणी: कोणती आवृत्ती किती वेळा आली. मग ती एक नियम लावून पाहते, आणि तो १९०८ सालचा आहे. इंग्लंडचे गणिती हार्डी आणि जर्मनीचे डॉक्टर वाइनबर्ग यांनी एकमेकांना न कळवता तो मांडला. समूहात लग्नं जनुक बघून होत नसतील आणि समूह एकसंध असेल, तर आवृत्त्यांच्या प्रमाणावरून जोड्यांचं प्रमाण आधीच सांगता येतं.

आकडे घेऊन पाहू. हे आकडे मी समजावण्यासाठी रचले आहेत. शंभर माणसं, एका जनुकाच्या दोनच आवृत्त्या, लाल आणि निळी. चाळीस माणसांत दोन्ही लाल, चाळीस माणसांत एक लाल एक निळी, वीस माणसांत दोन्ही निळ्या. एकूण दोनशे आवृत्त्यांपैकी लाल १२०, म्हणजे ६० टक्के. समूह एकसंध असता तर दोन्ही लाल ३६, मिश्र ४८ आणि दोन्ही निळ्या १६ यायला हव्या होत्या. प्रत्यक्षात मिश्र आठ कमी आहेत. असा फरक मोठ्या नमुन्यात आला की प्रणाली त्या ओळीपुढे खूण करते. त्या खुणेचा अर्थ असा, की बहुधा तपासणीत चूक आहे, किंवा तुम्ही ज्याला एक समूह म्हणताय तो एक नाही.

तुम्ही पुन्हा वहीकडे जाता. कळतं, की पन्नास माणसं एका वस्तीवरची होती, पन्नास दुसऱ्या. वेगळी मोजा. पहिल्या पन्नासांत दोन्ही लाल ३२, मिश्र १६, दोन्ही निळ्या २. लाल ८० टक्के, आणि हिशेब तंतोतंत बसतो. दुसऱ्या पन्नासांत ८, २४ आणि १८. लाल ४० टक्के, हिशेब पुन्हा तंतोतंत. म्हणजे दोन्ही वस्त्या आपापल्या जागी ठीक होत्या. चूक होती ती दोघांना एका नावाखाली टाकण्यात.

हे मी नगरमध्ये सांगते आहे याला कारण आहे. १७ हजार चौरस किलोमीटरचा, राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. अकोल्याच्या डोंगरात महादेव कोळी आणि ठाकर, प्रवरा-मुळेच्या काठी बागायतदार, पूर्वेला दुष्काळी पट्ट्यातली ऊसतोड कुटुंबं, मेंढरं घेऊन हिंडणारे धनगर. पाथर्डीजवळची मढी तर भटक्यांची पंढरी. जत्रेला किती समाज जमतात ते आपण पाहतो. रोटीव्यवहार आज सगळ्यांचा एकमेकांशी आहे. बेटीव्यवहार पिढ्यान्‌पिढ्या आपापल्यात राहिला. अनेक घरांत मामाच्या मुलीचा हक्क आजही मानतात. हे सगळं जनुकांत लिहिलेलं असतं. 'अहिल्यानगर जिल्हा' असं एकच नाव लिहून हजार माणसांची फाईल दिली, तर प्रणाली खूण करणार हे नक्की.

सुट्या मण्यांतून माळ

दुसरं काम अधिक नाजूक आहे. एचएलए जनुकं एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असतात, म्हणून ती बहुधा माळेसारखी एकत्र पुढच्या पिढीत जातात. आईकडून एक माळ, वडिलांकडून एक. पण नेहमीची तपासणी आपल्याला सुटे मणी देते, माळ देत नाही. एखाद्याकडे पहिल्या जनुकाचे मणी १ आणि २, दुसऱ्याचे ७ आणि ८ निघाले. माळा १-७ आणि २-८ अशा होत्या, की १-८ आणि २-७ अशा?

त्या एकट्या माणसाकडे पाहून ते सांगता येत नाही. पण वस्तीत असाही कुणी असतो ज्याच्याकडे पहिल्या जनुकाचे दोन्ही मणी १ आणि दुसऱ्याचे दोन्ही ७ आहेत. तिथे शंकाच नाही, १-७ ही माळ त्या वस्तीत आहे. प्रणाली आधी एक अंदाज धरते, त्या अंदाजाने सगळ्यांची मोजणी करते, मोजणीवरून अंदाज सुधारते, पुन्हा मोजते. आकडे हलायचे थांबेपर्यंत हे चालू राहतं. शेजाऱ्यांच्या साक्षीने एकेका माणसाचा निवाडा होतो. उत्तर युरोपात 'ए*०१:०१, बी*०८:०१, डीआरबी१*०३:०१' ही माळ सर्रास दिसते. भारतात 'ए*३३:०३, बी*४४:०३, डीआरबी१*०७:०१' ही माळ अनेक समाजांत ठळक आहे. दाता शोधताना या माळाच कामी येतात. म्हणूनच साक्षीला आपल्या वस्तीची माणसं नसतील तर युरोपच्या माळांवरून आपला निवाडा होतो आणि तो चुकतो.

इरावतीबाईंचा धडा

इथे एका मोठ्या बाईंचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. इरावती कर्वे. त्या बर्लिनला डॉक्टरेटसाठी गेल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे होते. कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध आहे, असं त्यांना अपेक्षित होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही, असं लिहून दिलं. त्याच देशात पुढे वंशाच्या नावाखाली काय झालं ते जगाने पाहिलं. एका मराठी बाईंनी मोजमापाच्या बळावर आपल्याच गुरूला नाही म्हटलं, हे आपण विसरता कामा नये.

पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी महाराष्ट्र पिंजून काढला. १९६८ साली कैलास मल्होत्रा यांच्यासह त्यांनी एकाच दर्जाच्या मानल्या गेलेल्या आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना प्रसिद्ध केली. सामाजिक पायरी एक, पण शरीराच्या मोजमापांत आणि रक्तात त्या वेगवेगळ्या निघाल्या. जातीचं एक नाव म्हणजे एक मूळ, ही समजूत त्यातून ढासळली. मल्होत्रांनी पुढे धनगरांच्या पोटशाखांचा असाच अभ्यास केला. ज्यांच्या नावाने आज हा जिल्हा ओळखला जातो त्या अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातल्या चौंडीला धनगर घरात झाला. धनगर हे नाव आपण एका दमात घेतो. आत अनेक शाखा आहेत आणि त्यांचे लग्नसंबंध आपापल्यात राहिले आहेत.

म्हणून या कामात समाजाचं नाव लिहावं लागतं. पण ते कशासाठी लिहायचं, हे इरावतीबाईंकडून शिकायचं. १९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिन यांनी दाखवलं, की माणसांतल्या जनुकीय वैविध्यापैकी सुमारे ८५ टक्के वैविध्य कोणत्याही एका समूहाच्या आतच सापडतं. जनुकांत उच्च-नीच असं काहीही लिहिलेलं नाही. एचएलएच्या बाबतीत तर एक आवृत्ती एका रोगापुढे बळकट आणि दुसऱ्यापुढे दुबळी असते. या आकड्यांचा आधार घेऊन कुणी जातीची प्रतवारी लावू लागला, तर त्याला सभेतच थांबवा.

पुण्यात घडलेलं साधन

ही साधनं नेहमी बाहेरूनच येतात, असाही समज नको. पुणे विद्यापीठाच्या जैवमाहितीशास्त्र केंद्रात १९९० साली अशोक कोळसकर आणि प्रसाद टोंगावकर यांनी एक पद्धत मांडली. एखाद्या प्रथिनाचा कोणता भाग प्रतिकारशक्तीच्या नजरेत भरेल, हे त्यातल्या अमिनो आम्लांच्या क्रमावरून सांगायचं. प्रयोगातून आधीच माहीत असलेले तुकडे त्यांनी गोळा केले, कोणतं अमिनो आम्ल तिथे किती वेळा येतं ते मोजलं, आणि त्यावरून नियम बांधला. त्यांच्या तपासणीत तो सुमारे ७५ टक्के अचूक निघाला. लस तयार करणारे संशोधक आजही जगातल्या मोठ्या संकेतस्थळांवर ही पद्धत 'कोळसकर-टोंगावकर' याच नावाने वापरतात. २००५ साली त्याच केंद्रातून ऊर्मिला कुलकर्णी-काळे, श्रीराम भोसले आणि कोळसकर यांनी प्रथिनाच्या घडीवरून असे भाग शोधणारं साधन सर्वांसाठी खुलं केलं.

आधी मोजा, मग बोला. सरांचं वाक्य पुण्यात असं शास्त्र होऊन उभं राहिलं होतं. आपल्या भागातल्या मुलामुलींनी 'कोळसकर-टोंगावकर' हे नाव वाचावं आणि आपल्यालाही हे जमेल, असा विश्वास धरावा.

चार तारे

आता त्या माऊलीच्या प्रश्नाकडे येते. आपली माणसं नोंदीत आहेत का? काही आहेत. मुंबईच्या त्या रक्तविज्ञान संस्थेत डॉ. शंकरकुमार यांनी मराठा समाजासह पश्चिम भारतातल्या अनेक समूहांच्या एचएलए नोंदी चिकाटीने प्रसिद्ध केल्या. २०१४ साली भारतातल्या नोंदवह्यांतल्या सुमारे २६ हजार दात्यांच्या आधारे आपल्या रुग्णांना दाता मिळण्याची शक्यता प्रथमच प्रांतवार काढली गेली. केंद्र सरकारच्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पात ८३ समूहांतल्या सुमारे दहा हजार माणसांचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो संशोधकांना खुला झाला. ही मोठी पावलं आहेत. पण मानवशास्त्र सर्वेक्षणाने या देशात साडेचार हजारांहून अधिक समाज मोजले आहेत. साडेचार हजारांपुढे ८३.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातले २६३ समूह तपासले होते. त्यांतल्या ८१ समूहांत थोड्या पूर्वजांपासून वाढल्याच्या खुणा फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक होत्या. याचा अर्थ असा, की आपल्याकडे एका समाजात दुर्मीळ असलेली माळ शेजारच्या समाजात नेहमीची असू शकते. म्हणजे पाथर्डीच्या मुलीचा दाता लंडनमध्ये सापडण्यापेक्षा पाथर्डी-शेवगावात सापडण्याची शक्यता जास्त आहे. फक्त त्याच्या रकान्यात आज चार तारे आहेत.

ते तारे पुसताना एक पथ्य पाळायचं आहे. जामखेडला १९७० पासून रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. गावाचं आरोग्य गावाच्या हाती राहील, हा त्यांचा आग्रह होता. जनुकांची नोंदही तशीच व्हायला हवी. ज्याच्या गालातून नमुना घ्यायचा त्याला त्याच्या भाषेत सगळं समजलं पाहिजे, नाही म्हणायचा हक्क हवा, आणि निष्कर्ष त्याच्या गावात परत आले पाहिजेत. नमुना घेऊन गेलेली गाडी पुन्हा फिरकलीच नाही, असं होता कामा नये.

विनंती

शेवटी तीन विनंत्या. अठरा ते पन्नास वयाच्या निरोगी माणसांनी अस्थिमज्जा दाता म्हणून नाव नोंदवावं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात, एवढीच ती तपासणी. पुढे कधी जुळणी झाली तर बहुतेक वेळा हातातल्या शिरेतून रक्त घेऊन त्यातल्या मूळ पेशी वेगळ्या करतात आणि बाकीचं रक्त तुम्हाला परत देतात. डॉक्टरांनी औषधाची तीव्र प्रतिक्रिया आली की तिची लेखी नोंद करावी आणि ती वर कळवावी. आणि संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनी ही मुक्त साधनं आपल्या यंत्रावर उतरवून घ्यावीत, एक फाईल चालवून पाहावी. त्यासाठी परवाना लागत नाही, पैसे लागत नाहीत, पुण्या-मुंबईला जावं लागत नाही.

त्या माऊलीला मी त्या दिवशी सांगितलं, "आहेत तुमच्यासारखी माणसं, पण त्यांची नोंद नाही." तिने कागद पिशवीत ठेवले आणि विचारलं, "मग ती कोण करणार?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आज या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला तो प्रश्न मी तिच्या वतीने विचारते आहे. तुमचं नाव त्या वहीत लिहा.